टेकडीवरची तट्टं बरी आहेत की नाहीत, हे लांबून कसं ओळखायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्लंडमध्ये ससेक्स भागात राहणाऱ्या एका ताईंनी घराजवळच्या चुनखडीच्या टेकडीवर मोकळ्या चरणाऱ्या एक्समूर जातीच्या ७ तट्टांवर लक्ष ठेवायचं काम स्वयंसेवक म्हणून घेतलं आहे. आठवड्यातले दोन दिवस त्यांचे, बाकीचे दिवस इतरांचे. त्यांचा हा पहिलाच हिवाळा. त्या लिहितात, "पाठीवर बर्फ साठलेला असतो, डोक्यावर छप्पर नाही, पोटं सुटलेली, अंगभर चिखल. येणारेजाणारे मला थांबवून सांगतात की हा छळ आहे. मला घोड्यांमधलं काही कळत नाही आणि हात लावायचा नाही अशी सूचना आहे. मग नेमकं बघायचं काय?"

ताई, बर्फाचं आधी सांगते, कारण तुमची झोप त्यानेच उडालेली दिसते. पाठीवरचा बर्फ वितळत नाही, हे चांगलं लक्षण आहे. एक्समूरच्या हिवाळी अंगावर केसांचे दोन थर असतात. आतला लोकरीसारखा दाट, वरचा लांब आणि तेलकट, पाणी निथळून जाईल असा. अंगातली ऊब आतल्या थरात अडकून राहते, बाहेर येतच नाही, म्हणून वरचा बर्फ तसाच बसून राहतो. शेपटीच्या मुळाशी आखूड केसांचा एक पंखा असतो, त्यावरून पावसाचं पाणी मांड्यांच्या बाहेरून ओघळून जातं. एकदा जानेवारीत ओळखीची चिप टोचण्यासाठी एक कळप कुंपणाच्या आत घेतला होता. रात्री बर्फ पडलेला. एका घोडीच्या पाठीवर मी हात ठेवला तर वरचे केस ओले, बर्फाचे खडे अडकून कडक झालेले. बोटं तशीच आत सरकवली तर तळाशी कातडी पार कोरडी होती, आणि ऊब अशी की खुराड्यात बसलेल्या कोंबडीच्या पंखाखाली हात घालावा. त्या दिवसापासून पाठीवरच्या बर्फाची मला कधी काळजी वाटली नाही.

काळजी कधी करायची तेही सांगते. सहाजणांच्या पाठीवर बर्फ टिकून आहे आणि सातव्याचा वितळून पाणी झालंय, तर त्या सातव्याकडे नीट बघा. कुणी थरथरतंय, पाठ कमानीसारखी वर काढून, शेपटी दाबून उभं आहे, तर कळपाच्या व्यवस्थापकांना फोन करा. आणि एक लक्षात ठेवा, या जनावरांना कोरड्या थंडीचा त्रास फारसा होत नाही. दोन-तीन दिवसांचा सलग पाऊस आणि वर वारा, हे खरं वाईट हवामान. अशा दिवशी ती कुठे उभी राहतात ते पाहून ठेवा. गॉर्सच्या काटेरी जाळीच्या मागे, हॉथॉर्नच्या झुडपांच्या आडोशाला किंवा उताराच्या वारा न लागणाऱ्या बाजूला सापडतील. हाच त्यांचा निवारा. तिथपर्यंत जायची वाट मोकळी आहे ना, मध्ये एखादं फाटक चुकून बंद झालेलं नाही ना, हे बघणं तुमच्या कामाचा भाग आहे.

मी परळला पशुवैद्यक शिकले आणि गेली बरीच वर्षं इंग्लंडच्या दक्षिण भागात निसर्गरक्षणासाठी चरणाऱ्या कळपांचं काम बघते. पण घोड्याकडे बघायचं कसं, हे मी कॉलेजच्या आधी शिकले. आमच्या गावाकडे दिवाळीनंतर धनगरांचे वाडे उतरायचे. संसार तट्टांच्या पाठीवर, त्यावर कोंबड्या, कधी एखादं लेकरू. त्यातले एक आजोबा तळावर बसल्या बसल्या सांगायचे की अमक्या घोडीचं आज बरं नाही. जवळ जायचे नाहीत, हात लावायचे नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "रोज ती आधी पाण्याला जाते, आज मागं राहिली." तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर जवळजवळ हेच आहे. आजारपणाची यादी पाठ करण्याआधी या सात जणांचा रोजचा दिवस कसा असतो ते शिका. कोण पुढे चालतं, कोण कुणाजवळ उभं राहतं, दुपारी कुठे डुलकी काढतात, कोण तुम्हाला बघून मान वर करतं आणि कोण अजिबात दखल घेत नाही. पहिला महिना एवढंच केलंत तरी पुष्कळ झालं.

तुम्ही म्हणाल, सगळी एकसारखीच तर दिसतात. खरं आहे. एक्समूरला पांढरा ठिपका चालत नाही, सगळी तपकिरी छटांची, सगळ्यांचं तोंड पिठात घातल्यासारखं फिकट. पण आयाळ कुठल्या बाजूला पडते, कपाळावरची झुलपं किती दाट, कानाला कुठे कातरलेलं आहे का, पोटाचा घेर, जुना एखादा व्रण, अशा खुणा निघतात. प्रत्येकाचे डावीकडून, उजवीकडून, समोरून आणि मागून असे चार फोटो काढून फोनमध्ये नावानिशी ठेवा. आणि जोड्या लिहून ठेवा. घोड्यांची मैत्री पक्की असते. दोघं एकमेकांची मान खाजवताना दिसतील, माश्यांच्या दिवसात एकाचं तोंड दुसऱ्याच्या शेपटीशी करून उभी राहतील. जोडीतला एक बाजूला पडलेला दिसला की मी दुर्बीण काढते.

आता प्रत्यक्ष पाहणी. फाटकातून आत गेल्यावर सरळ त्यांच्याकडे चालत जाऊ नका. दीड-दोनशे मीटरवर थांबा, दुर्बीण लावा आणि दहा मिनिटं नुसतं बघा. घोडा हे शिकार होणारं जनावर आहे, दुखणं लपवणं त्याच्या रक्तात आहे. तुम्ही जवळ गेलात की मान वर, कान टवकारलेले, चार पायांवर ताठ, सगळं छान. ते तुमच्यासाठी केलेलं सोंग असतं. तुमची चाहूल लागण्याआधीची दहा मिनिटं खरी. त्यानंतर सावकाश, थोडं तिरकं चालत, वीस-पंचवीस मीटरपर्यंत जा आणि पुन्हा थांबा. ती चालू लागेपर्यंत वाट बघा. हाकलून चालवू नका.

इथे माझीच एक चूक सांगते. नोव्हेंबरची सकाळ, धुकं, मला पुढे दुसऱ्या कळपाकडे जायचं होतं. सगळी तट्टं मोजली, संख्या बरोबर भरली, वहीत "सर्व ठीक" लिहिलं आणि निघाले. एक घोडी जरा बाजूला उभी होती, पुढचा उजवा पाय किंचित पुढे टाकून. डुलकी काढतेय असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी गेलेल्या स्वयंसेवकाला ती तीन पायांवर लंगडताना दिसली. खुराच्या तळव्यात चकमकीच्या दगडाची नखाएवढी कपची शिरली होती आणि आत पू झाला होता. चुनखडीच्या टेकड्यांवर हे दगड जागोजाग असतात. खूर कोरून पू काढल्यावर तिला तासाभरात आराम पडला. पण तो आराम तिला आदल्या दिवशी मिळायला हवा होता, आणि चिन्ह माझ्या डोळ्यांसमोर होतं.

ते चिन्ह असं. निरोगी घोडा उभ्याने झोपताना मागचा एक पाय मोडून, खुराचं टोक टेकवून आराम देतो आणि थोड्या वेळाने पाय बदलतो. पुढच्या पायांना तो असा आराम देत नाही. पुढचा एकच पाय पुढे टाकून त्यावरचा भार काढलेला दिसला, तर तो पाय दुखतोय असंच धरून चाला. चालताना बघायचं ते डोकं. दुखरा पुढचा पाय जमिनीला टेकतो तेव्हा डोकं वर झटकलं जातं, चांगला पाय टेकतो तेव्हा खाली जातं. मागच्या पायाला पुठ्ठ्याची हालचाल बघा, दुखऱ्या बाजूचा पुठ्ठा जास्त वर-खाली होतो. हे कळायला वेळ लागतो. फोनवर मागून आणि बाजूने अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा आणि घरी सावकाश लावून पुन्हा बघा. मला अजूनही त्याचा उपयोग होतो.

पडलेलं जनावर बघून लोक घाबरतात आणि घाबरून फोन करतात. घोडे आडवे होतात, बाजूवर अंग टाकून पाय ताणून झोपतात, विशेषतः ऊन पडलं की. गाढ झोप त्यांना आडवं झाल्याशिवाय येतच नाही. तेव्हा कळपातलं एखादं सहसा उभं राहून राखण करत असतं, तेही बघण्यासारखं असतं. शंका आली तर लांबूनच थोडं बोला, खाकरा. निरोगी तट्टू आधी छातीवर येईल, मग पुढचे पाय रोवून उठेल. आपल्याकडच्या गाई-म्हशी मागून उठतात, घोडा पुढून उठतो. उठताना तीन-चारदा प्रयत्न फसला, किंवा बाकीचे चरत लांब निघून गेले तरी एक पडूनच आहे, तर थांबू नका.

पोटांबद्दल तुम्ही विचारलंत. सुटलेलं पोट म्हणजे चरबी नव्हे आणि उपासमारही नव्हे. हिवाळ्यात ती वाळकं, जाडंभरडं गवत, गॉर्सचे शेंडे, ब्लॅकबेरीच्या जाळ्या खातात. हा चोथा मोठ्या आतड्यात बराच वेळ आंबत राहतो आणि त्यातूनच अंगात ऊब तयार होते. पोट म्हणजे त्यांची भट्टी. शरीरस्थिती ओळखायची तर पोटाकडे दुर्लक्ष करा. मागे उभं राहून पुठ्ठे बघा. शेपटीच्या दोन्ही बाजू गोल भरलेल्या आहेत, सपाट झाल्यात की खोल गेल्यात? पाठीचा कणा रेघेसारखा वर आलाय का? मानेवर आयाळीच्या मुळाशी चरबीचा कडक पट्टा आहे का? इथे ० ते ५ असे गुण देतात, ० म्हणजे हाडांचा सापळा आणि ५ म्हणजे अतिलठ्ठ. शरद ऋतूत ३ किंवा थोडं वर, मार्चअखेर २ ते अडीच, हे या जनावरांचं नैसर्गिक चक्र आहे. २ च्या खाली जाताना दिसलं तर व्यवस्थापकांना कळवा. हिवाळी केस मात्र फसवतात, त्यांच्याखाली बरगड्या दिसत नाहीत आणि तुम्हाला हात लावायचा नाही. रोज बघणाऱ्याला हळूहळू होणारी घट कळतही नाही. म्हणून महिन्यातून एकदा प्रत्येकाचा बरोबर मागून, त्याच अंतरावरून फोटो काढा आणि मागच्या महिन्याच्या फोटोशेजारी ठेवून बघा.

आता एक गोष्ट जोर देऊन सांगते, कारण मराठी माणसाला ती पटायला जड जाते. आपल्याला भरलेलं जनावर बघून बरं वाटतं. या जातींना मात्र लठ्ठपणाचा धोका बारीक असण्यापेक्षा मोठा आहे. हिवाळ्यात थोडं उतरलेलं तट्टू वसंतातलं कोवळं, साखरेने भरलेलं गवत पचवू शकतं. हिवाळाभर गुबगुबीत राहिलेल्याला एप्रिल-मेमध्ये लॅमिनायटिस होण्याची भीती मोठी असते. खुराच्या आत कवच आणि हाड यांना जोडणारे नाजूक पदर असतात, ते सुजतात. नखाखाली सूज यावी आणि त्याच नखावर अंगाचा सगळा भार टाकून उभं राहावं लागावं, तशा यातना. तट्टू पुढचे पाय पुढे ताणून, वजन मागे टाकून उभं राहतं, भार सतत या पायावरून त्या पायावर करतं, वळायला नको म्हणतं, कडक जमिनीवर काचेवरून चालल्यासारखं पाऊल टाकतं. असं दिसलं तर त्याच तासाला फोन. दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. शरद ऋतूत पावसानंतर गवत पुन्हा फुटतं, तेव्हाही हेच लक्षात असू द्या.

म्हणूनच फेब्रुवारीत कळवळून गवताची पेंढी टाकायचा मोह आवरा. बाहेरच्या वैरणीने टेकडीवरच्या मुरमाड, कमी कसाच्या जमिनीत खत वाढतं, तिथली रानफुलं जातात. एका पेंढीवरून लाथाबुक्क्या होतात आणि तट्टं माणसांच्या मागे लागायला शिकतात. वैरण द्यायची की नाही हे व्यवस्थापकांनी शरीरस्थिती बघून ठरवायचं असतं.

पण याचा अर्थ "निसर्ग बघून घेईल" असा कुणी सांगितला तर तो मी मान्य करत नाही. नेदरलँड्समध्ये ओस्टफार्डर्सप्लासेन नावाचं समुद्र हटवून मिळवलेलं मोठं राखीव क्षेत्र आहे. तिथे १९८३-८४ मध्ये हेक जातीची गुरं आणि पोलंडमूळचे कोनिक घोडे सोडले, पुढे लाल हरणंही आली. भोवती कुंपण, शिकारी प्राणी नाहीत, संख्या वाढत गेली. २०१७-१८ च्या हिवाळ्यात अन्न संपलं आणि तिन्ही मिळून ३,००० हून अधिक जनावरं गेली. त्यातल्या बहुतेकांना यातना लांबू नयेत म्हणून गोळ्या घालाव्या लागल्या. लोक रडत कुंपणावरून गवत फेकत होते. त्यानंतर तिथे संख्या कमी ठेवण्याचं धोरण आलं. कुंपण माणसाने घातलं, किती जनावरं आत ठेवायची हे माणसाने ठरवलं, तेव्हा जबाबदारीही माणसाचीच. इंग्लंडचा २००६ चा प्राणी कल्याण कायदा हेच सांगतो. योग्य जागा, योग्य आहार, स्वाभाविक वागता येणं, सोबत, आणि वेदना व आजारापासून संरक्षण, हे मालकाने बघायलाच हवं. मोकळं चरतंय म्हणून ते जनावर कायद्याच्या नजरेत जंगली ठरत नाही. तुमच्या दोन फेऱ्या या जबाबदारीतला वाटा आहेत, फावल्या वेळातली रपेट नव्हे.

लीद बघत जा. संकोच करू नका, जनावराच्या आतलं एवढ्या स्पष्टपणे दुसरं काही सांगत नाही. गोळे नीट बांधलेले, ओलसर, पडल्यावर थोडे फुटणारे असावेत. शेणासारखी पातळ लीद, किंवा खूप कोरडे, चिकट आवरणाचे छोटे गोळे दिसले तर नोंद करा. ताजी लीद कुठेच दिसत नाही आणि एखादं तट्टू पुन्हापुन्हा कुशीकडे वळून बघतंय, पुढच्या पायाने जमीन उकरतंय, लोळून उठतंय नि परत लोळतंय, तर तो पोटशूळ. घोड्याला ओकता येत नाही, आत अडकलेलं वर काढायला त्याला वाट नसते. हा फोन पाहणी अर्धी टाकून करायचा.

जंतांसाठी आपण सरसकट औषध पाजत नाही. ताज्या लिदीचे नमुने प्रयोगशाळेत पाठवून अंडी मोजतो आणि गरज असेल त्यालाच औषध देतो. कारण आयव्हरमेक्टिनसारखं औषध लिदीतून बाहेर पडतं आणि शेणकिड्यांच्या अळ्या मारतं. शेणकिडे गेले की लीद लवकर कुजत नाही, त्यांच्यावर जगणारी वटवाघळं आणि पक्षी उपाशी राहतात, म्हणजे ज्या टेकडीसाठी तट्टं आणली तिलाच आपण विष घातल्यासारखं होतं. नमुना गोळा करायला सांगितलं तर लीद पडताना ज्याची त्याची ओळख पटवा, हातमोजा घाला, पिशवीतली हवा दाबून काढा आणि नमुना थंड ठेवा.

पाण्याची टाकी नुसती लांबून बघून चालत नाही. हात घालून तरंगत्या चेंडूची झडप खाली दाबा, पाणी येतंय का बघा. एका तट्टाला दिवसाला २० लिटर आणि त्याहून जास्त लागतं, आणि वाळकं खाणाऱ्याला पाणी कमी पडलं की पोट अडकतं. बर्फ फोडलात तर तुकडे बाहेर काढून टाका, नाहीतर तासाभरात पुन्हा जुळून येतात. टाकीत मेलेला पक्षी कधीकधी सापडतो. तट्टं तिथे तोंड घालत नाहीत आणि आपल्याला वाटतं टाकी भरलेली आहे.

विषारी झाडांमध्ये तुमच्या टेकडीवर मला यू नावाच्या झाडाची भीती सगळ्यात जास्त. चुनखडीच्या उतारांवर ही गडद हिरवी झाडं भरपूर असतात आणि थोडा पालाही घोड्याला मारायला पुरतो, बहुतेकदा लक्षणं दिसायच्या आतच. वादळाच्या दुसऱ्या दिवशी कुंपणाची रेघ पूर्ण फिरा, फांदी आत पडली आहे का बघा. सिकॅमोरच्या झाडाचे पंखवाले बी शरद ऋतूत पडतात आणि वसंतात त्यांचे कोंब येतात. दोन्ही स्नायू नासवणारे आहेत. तट्टू ताठरलेलं, थरथरतंय आणि लघवी काळपट तपकिरी, असं दिसलं की पशुवैद्य लगेच, कारण यातून वाचणारी थोडीच असतात. रॅगवर्टच्या पिवळ्या फुलांबद्दल लोक फार बोलतात. उभं, ताजं असताना ते कडू लागतं आणि चरायला दुसरं असेल तर तट्टं टाळतात. उपटून तिथेच टाकलेलं, सुकलेलं मात्र खातात, आणि त्याने यकृत थोडंथोडं निकामी होत जातं. उपटलेलं दिसलं तर बाहेर न्या.

आणि घरांच्या मागचं कुंपण तपासा. माणसं चांगल्या मनाने बागेतलं कापलेलं गवत कुंपणावरून आत टाकतात. यंत्रातून निघालेलं बारीक गवत ढिगात तासाभरात तापतं, आंबतं आणि तट्टं ते न चावता गिळतात. पोटशूळ आणि लॅमिनायटिस दोन्हींना आमंत्रण. एका फेरीत मला असा ढीग सापडला होता, वाफा निघत असलेला, आणि त्याच्या कडेला खुरांचे ताजे ठसे. आम्ही तो उचलला, पुढचे दोन दिवस सकाळ-संध्याकाळ फेऱ्या मारल्या. सुदैवाने काही झालं नाही. त्या घरी जाऊन शांतपणे सांगितलं तर त्या बाई अक्षरशः रडल्या. त्यांना फक्त खाऊ घालायचं होतं.

डोळ्यांबाबत नवख्या माणसाची एक हमखास गफलत होते. एक्समूरच्या डोळ्याभोवती मांसल, जाड कड असते, पावसावाऱ्यापासून बचावासाठी. ती सूज नव्हे. दोन्ही डोळे एकमेकांशी ताडून बघा. एकच अर्धवट मिटलेला, पाणी गळणारा किंवा पांढुरका असेल तर मात्र त्याच दिवशी कळवा. गॉर्सचा काटा बहुधा.

चिखल राहू द्या. पुसायचा, खरारा करायचा विचारही नको, त्या तेलकट थरामुळेच ती कोरडी आहेत. चिखलाखाली केस गेलेले चट्टे, खुरांच्या वर खपल्या, मानेवर घासून उडालेले केस आहेत का तेवढं बघा. फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपांवर केसांचे पुंजके अडकलेले दिसले आणि अंगावर चट्टे असले तर उवा असू शकतात. उन्हाळ्यात आयाळ आणि शेपटीचं मूळ घासून रक्ताळलं असेल तर ती बारीक चिलटांची ॲलर्जी. म्हातारं तट्टू अर्धवट चावलेल्या गवताचे गोळे तोंडातून टाकत असेल तर दात. उन्हाळा आला तरी ज्याचे लांब केस गळत नाहीत, त्याची रक्ततपासणी हवी.

येणाऱ्याजाणाऱ्यांशी वाद घालू नका. ते तुमच्याइतकेच कळवळ्याने बोलतात, आणि अडलेल्या जनावराची पहिली खबर पुष्कळदा त्यांच्याकडूनच येते. बर्फाचं गणित सांगा, बहुतेकांना आवडतं. त्यांना सांगा की दुसऱ्या महायुद्धानंतर ही जात जेमतेम पन्नासच्या घरात उरली होती. सांगा की मेंढ्या गेल्या, १९५३ नंतर मिक्सोमॅटोसिस या रोगाने ससे मेले आणि या टेकड्या झुडपांनी भरत गेल्या. तट्टाला वरखाली दोन्ही दातांच्या रांगा असतात, ते गवत मुळाजवळ कुरतडतं, जाड गवताचा गालिचा खुरांनी फोडतं, तेव्हा कुठे बुटकी रानफुलं पुन्हा उजेडात येतात आणि त्यांवर वाढणारी निळी फुलपाखरं परततात. मग दोनच विनंत्या करा. कुत्रा साखळीला, आणि गाजर-पाव नको. खाऊची चटक लागलेली तट्टं फाटकाशी घुटमळतात, चावतात, रस्त्यावर येतात. दक्षिण इंग्लंडमधल्या न्यू फॉरेस्ट या जंगलात तर २०२३ मध्ये तट्टांना खायला घालणं आणि कुरवाळणं दंडनीय ठरवण्यात आलं.

फोन करायची वेळ आलीच तर आधी अर्धा मिनिट कुशीची हालचाल मोजा आणि दुप्पट करा. आरामात उभ्या घोड्याचे श्वास मिनिटाला ८ ते १६. मग कोणतं तट्टू, नकाशावर नेमकं कुठे, काय दिसलं, केव्हापासून, एवढं सांगा. काय झालं असावं हे सांगायची गरज नाही. पशुवैद्य येईपर्यंत लांबून नजर ठेवा, त्याला कळपापासून तोडू नका, खायला काही देऊ नका. त्याचा जोडीदार जवळ उभा असेल तर उभा राहू द्या, घोडा एकटा पडला की जास्त घाबरतो.

वहीत "सर्व ठीक" हे दोन शब्द मी त्या नोव्हेंबरनंतर कधी लिहिले नाहीत. तुम्ही मंगळवारची नोंद साधारण अशी लिहा: "सकाळी ८.४०, रात्रीचा बर्फ, वारा उत्तरेचा. सातही दिसली, दक्षिण उतारावर गॉर्सपाशी. सहा चरत होती, कातरलेल्या कानाची उभ्याने झोपलेली, मागचा डावा पाय मोडून, दहा मिनिटांनी पाय बदलला. सगळी टाकीपर्यंत चालताना पाहिली, चाल सरळ. ताजी लीद चार जागी, चांगली. टाकीवर बोटभर बर्फ, फोडून काढला, झडप चालू. घरांकडचं कुंपण पाहिलं, काही टाकलेलं नाही. म्हातारी घोडी आज पाण्याला शेवटी आली, एरवी दुसरी असते. उद्या येणाऱ्याने तिच्याकडे बघावं."